वाय-फाय गेलं की नेट गेलं?

उदगीरहून भाच्याचा फोन आला. "मामा, वायफायच्या काड्या फुल्ल दाखवायलंय, पण नेट चालंना." पीक विम्याचा अर्ज अर्धा भरून झालेला, लॅपटॉप तीनदा बंद-चालू करून झालेला. पोरगं रडकुंडीला आलं होतं. खरं तर दुखणं कुठं नाही, हे त्यानं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं होतं.

आपल्याकडं 'वाय-फाय गेलं' आणि 'नेट गेलं' हे एकच समजतात. वाय-फाय म्हणजे लॅपटॉप आणि राउटर (घरातल्या यंत्रांना नेट वाटणारं यंत्र) यांच्यातला बिनतारी दुवा, तेवढंच. त्या काड्या राउटरचा आवाज किती मोठा येतोय ते सांगतात. राउटरला बाहेरून काही मिळतंय का, याचा त्यांना पत्ता नसतो. टाकीत पाणी नसलं तरी तोटी गोल गोल फिरतेच की. आणि लॅन केबल (राउटर ते लॅपटॉप जोडणारी तार) लावली म्हणजे नेट वेगळीकडून आलं असंही नाही. टाकी तीच, तोटी दुसरी.

म्हणून घरात दोन मीटरची एक केबल ठेवावी. राउटरजवळ बसा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, केबल लावा. बऱ्याच नवीन पातळ लॅपटॉपना ती लावायची जागाच नसते, त्यांना यूएसबीचा जोड लागतो. केबलवर नेट आलं तर बिघाड वाय-फायमध्ये आहे. केबलवरही नाही आलं, तर बहुतेक वेळा लॅपटॉप निर्दोष असतो. अशा वेळी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून बघा (काही राउटरचा आकडा वेगळा असतो, तो खालच्या स्टिकरवर मिळतो). राउटरचं पान उघडलं म्हणजे लॅपटॉप ते राउटर रस्ता साफ आहे, अडलंय त्याच्या पुढं. फायबरच्या डब्यावर (बाहेरची फायबरची तार ज्यात येते तो, काही घरांत राउटरपासून वेगळा असतो) एलओएस नावाचा लाल दिवा पेटलेला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. कुठंतरी रस्ता खोदताना तार तुटली असेल. लाईनमनला फोन करा आणि चहा ठेवा.

केबलचे स्वतःचे नखरे वेगळे. पिन टक्‌ वाजून बसली पाहिजे. तिची प्लास्टिकची जीभ मोडली की ती बसल्यासारखी दिसते, बसलेली नसते. पोर्टजवळचा बारका दिवा लागला नाही तर आधी केबल बदला. आपल्याकडच्या उंदरांना ती भलतीच आवडते. कधी नेट चालतं, पण रखडत. केबलमध्ये आठ तारा असतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) आठही लागतात. एखादी तार पिनमध्ये नीट दाबली गेली नसेल तर जोडणी बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरते आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो.

वाय-फायचा शत्रू म्हणजे भिंत. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात भिंती दोन-दोन हात रुंद, दगड आणि पांढऱ्या मातीच्या. उन्हाळ्यात गारवा मस्त, पण ओसरीवरचा राउटर माजघरात पोचत नाही. राउटर दोन नावं दाखवत असेल तर अशा घरात २.४ गिगाहर्ट्झवालं घ्या. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढं लवकर हार मानतं. त्याच्या नावात बऱ्याचदा '५जी' लिहिलेलं असतं, त्याचा मोबाईलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही. राउटरला खेटून बसलं तर चालतं, आत गेलं की तुटतं, असं असेल तर लॅपटॉप दुरुस्तीला नेऊ नका, राउटरची जागा बदला. जवळ बसूनही जोडत नसेल तर लॅपटॉपमधून ते नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड नव्यानं टाका. विमानाच्या चित्राची कळ चुकून दाबली गेली नाही ना, तेही बघा.

एक खूण वाय-फाय आणि केबल दोन्हीकडं चालते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडून इंग्रजीत 'ipconfig' टाइप करा. तिथं दिसणारा लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) १६९.२५४ नं सुरू झाला तर राउटरनं लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही, लॅपटॉपनं आपला आपण ठरवून घेतलाय. मग राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून परत लावायचा. पत्ता बरोबर असून एकूणएक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडवत असेल तर लॅपटॉपची तारीख बघा. आतला छोटा सेल संपला की लॅपटॉप कित्येक वर्षं मागं जाऊन बसतो, आणि आपण बिचाऱ्या नेटला दोष देतो.

भाच्याला केबल लावायला सांगितली. दिवा लागला, १९२.१६८ वाला पत्ता आला, राउटरचं पानही उघडलं. नेट नाही. विचारलं, "फायबरच्या डब्यावर लाल दिवा आहे का रे?"

"नाही मामा. एकबी दिवा नाही."

"लाईट आहे का गावात?"

"सकाळपासून नाही. इन्व्हर्टर आहे की."

राउटर इन्व्हर्टरच्या बोर्डात, फायबरचा डबा साध्या बोर्डात. लाईट गेली की काड्या फुल्ल आणि नेट गुल. इन्व्हर्टरच्या बोर्डातलं दुसरं प्लग कशानं अडलंय विचारलं, तर मोबाईलचा चार्जर.