बिब्बा उतावा तसा मेटॉल

खानापुरात मामांचा फोटो स्टुडिओ होता. मागच्या बाजूला खिडकी बुजवून केलेली डार्करूम, लाल बल्ब, ओळीने तीन ट्रे. आत पाऊल टाकलं की आंबूस वास नाकात झोंबायचा. "ॲसिडपासून लांब ऱ्हा की रे," असं मला बजावणारे मामा स्वतः पहिल्या ट्रेतल्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे कागदावर फोटो उमटवणाऱ्या द्रावणात, उघडी बोटं बुडवून प्रिंट हलवायचे.

वास मधल्या ट्रेतल्या ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरचाच. (शुद्ध ॲसेटिक ॲसिड १६.६ अंशांखाली गोठतं. थंडीत सकाळी बाटली दगड झालेली असायची.) हेच ॲसिड तिसऱ्या ट्रेतल्या हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, जास्त गेलं की सल्फर डायऑक्साइड सुटतो. दमेकऱ्याला तो थोडासाही बाधतो. हवेच्या दुपटीहून जड असल्याने तो ट्रेवरच रेंगाळतो. आपल्याकडे हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र छताजवळ, म्हणजे वायू वर ओढला जाणार तो आपल्या तोंडावरूनच! पंखा हवा ट्रेच्या पातळीला, समोरच्या भिंतीत.

पण मामांची बोटं चिरली ती पहिल्या ट्रेमुळे, ज्याला जवळजवळ वासच नव्हता. डेव्हलपरमध्ये मेटॉल नावाचं रसायन असतं. कोडॅकच्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये लिटरला अवघं २ ग्रॅम. बिब्बा उततो तसंच हे प्रकरण. मेटॉलचे बारीक रेणू कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराच्या संरक्षक पेशी ही जोडी शत्रू म्हणून लक्षात ठेवतात. काहींच्या बाबतीत याला वर्षं लागतात, काहींना कधीच काही होत नाही. एकदा ओळख पटली की मात्र थेंबभरही पुरतो. त्यातून खाज आणि फोड येतात एक-दोन दिवसांनी, त्यामुळे खरा चोर सापडत नाही. मामी साबणाला दोष द्यायच्या, मामा काजूच्या चिकाला. काजू बिब्ब्याच्याच कुळातला, तेव्हा मामांचा अंदाज अगदीच वाया गेला नव्हता.

डेव्हलपरमधल्या हायड्रोक्विनोनने काहींच्या कातडीवर पांढरे डागही पडतात. आपल्याकडे त्यावरून कोडाची कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही.

हल्ली हौशी मुलं जुने एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायची यंत्रं, शोधत येतात. त्यांना मी नायट्राइलचे हातमोजे आणि प्रत्येक ट्रेला वेगळा चिमटा घ्यायला सांगतो. पावडर कालवताना तोंडावर मास्क हवा, कारण ती उडते. मेटॉल सोसत नसेल तर त्याऐवजी फेनिडोन हे रसायन असलेला डेव्हलपर बहुतेकांना चालतो. मामांना हे कळलं तेव्हा एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पासपोर्ट फोटोंची रांग लागली होती. त्या हंगामात प्रिंट मामींनी हलवले, चिमट्याने.