तासाला एक डॉलर

दहा वर्षांचा क्रेग थॉम्पसन आणि त्याचा धाकटा भाऊ फिल सुट्टी लागली की जिनसेंगच्या शेतात भांगलणीला जायचे. मजुरी तासाला एक डॉलर. तासभर तण उपटलं की एका कॉमिकचे पैसे सुटायचे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅरेथॉन नावाचं छोटं गाव आहे, तिथली ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या कॉमिक्सनीच क्रेगला चित्रकार केलं. २००३ साली आलेल्या 'ब्लँकेट्स' या चित्रमय आत्मकथनाने त्याचं नाव झालं, पण त्यात हे शेत जवळजवळ नव्हतंच. ते आलं 'जिनसेंग रूट्स'मध्ये. २०१९पासून सुटे अंक निघत गेले आणि २०२५मध्ये सगळं एका पुस्तकात आलं.

जिनसेंग म्हणजे औषधी मूळ. झाड मूळचं दाट जंगलातलं, त्याला ऊन सोसत नाही. म्हणून आपल्याकडच्या शेडनेटसारखी अख्ख्या शेतावर सावली करावी लागते, पूर्वी लाकडी पट्ट्यांची, नंतर काळ्या जाळीची. खाली गादीवाफे, त्यावर काडाचं आच्छादन. मूळ काढणीला यायला तीन ते पाच वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं तण हातानेच काढायचं. वाफ्याच्या कडेने गुडघ्यावर सरकत, एकेक उपटत. भांगलणीला एक दिवस जरी गेला असाल, तरी तुमच्या कमरेला हे लगेच कळेल. हे दोघे भाऊ असे दहा उन्हाळे राबले.

विस्कॉन्सिनच्या मुलांना हे काम मिळालं ते चीनमुळे. पिएर जार्तू या जेझुइट (एक ख्रिस्ती धर्मसंघ) पाद्र्याने चीनमध्ये हे मूळ पाहिलं आणि १७११मध्ये पत्रातून त्याचं वर्णन कळवलं. असंच जंगल कॅनडात आहे, तर हे झाड तिथेही असेल, हा त्याचा अंदाज. ते वाचून जोसेफ लाफितो या दुसऱ्या पाद्र्याने माँट्रियलजवळ शोध घेतला आणि १७१६मध्ये झाड सापडलं. त्याने ते तिथल्या मूळनिवासी मोहॉक जमातीच्या एका बाईला दाखवलं तेव्हा तिने लगेच ओळखलं, कारण त्यांच्याकडे ते औषध होतंच. 'शोध' कुणाच्या नावावर लागला हे सांगायला नको. चिनी नावात 'रेन' म्हणजे माणूस, आणि मोहॉक नावातही माणसाच्या मांड्यांचा आकार आहे, असं लाफितोने नोंदवलंय. दोन टोकांच्या लोकांना त्या मुळात माणूसच दिसला, हे मला फार हलवून जातं.

मग जंगलं उपसली जाऊ लागली. १७८४मध्ये न्यूयॉर्कहून चीनला निघालेल्या 'एम्प्रेस ऑफ चायना' या पहिल्या अमेरिकन व्यापारी जहाजात सुमारे ३० टन जिनसेंग होतं. परतताना त्यात चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी आली. कोरियन मूळ उष्ण आणि अमेरिकन थंड, असं चिनी वैद्यक मानतं. आपल्या आजीला हा फरक समजावून सांगावा लागला नसता. या थंड गुणामुळेच समुद्रापलीकडच्या मालाला तिथे स्वतंत्र मागणी राहिली.

लागवड मॅरेथॉन परगण्यात रुजली ती फ्रॉम बंधूंमुळे. १९०४च्या सुमाराला या चार भावांनी जंगलातली झाडं आणून वाफ्यात लावली. त्यांना खरं तर चंदेरी कोल्हे पाळायचे होते, आणि जिनसेंगच्या पैशांवर त्यांनी तो धंदाही उभा केला. पुढे अमेरिकेतलं लागवडीचं जवळजवळ सगळं जिनसेंग या एका परगण्यातून येऊ लागलं. १९७५नंतर लाओसमधून परागंदा झालेली ह्मोंग जमातीची कुटुंबं या भागात आली. आधी मजूर म्हणून राबली, नंतर त्यातली काही स्वतः शेतकरी झाली. २०१८मध्ये चीनने अमेरिकन जिनसेंगवर १५ टक्के जादा आयातशुल्क लावलं, त्याचा चटका थेट याच शेतांना बसला.

पुस्तकासाठी थॉम्पसन गावी परतला, जुन्या मालकांना भेटला, चीन-कोरियापर्यंत गेला. तोवर त्याच्या हातांना असा आजार जडला होता की चित्र काढणंच धोक्यात आलं. गावाकडचं दुखणं वेगळं. आल्याच्या रानात कंदकूज आली की आपण पुढची काही वर्षं तिथे आलं टाळतो, जिनसेंगचं त्याहून कठीण. एकदा पीक निघालं की त्या जमिनीत ते पुन्हा नीट येत नाही. शेतकऱ्याला जाळी, खांब उचलून नवं रान शोधावं लागतं. त्या भावांनी भांगललेल्या जमिनींत आज दुसरंच पीक उभं असणार.