शिशावरची अक्षरं वाचायला सावली हवी

झिजलेली बायझंटाइन मुद्रा, म्हणजे पत्रावर लावायची शिशाची मोहोर, हाती आली की नवखा संग्राहक आधी मोठं भिंग शोधतो, नाहीतर व्हिनेगर. व्हिनेगरला तर कृपा करून हात लावू नका. तांब्या-पितळेची भांडी आपण चिंचेनं उजळतो, पण शिशावर ॲसिटिक आम्ल पडलं की पांढरी भुकटी धरते आणि अक्षरं तिच्याबरोबर निघून जातात. ओकच्या कपाटातून सुटणारी आम्लाची वाफसुद्धा त्याला पुरते.

बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, साम्राज्यात पत्राची दोरी शिशाच्या चकतीतून आरपार ओवत, चकती पकडीसारख्या लोखंडी ठशात धरत आणि वरून हातोडा मारत. दोन्ही बाजू एका घावात उमटत. शिशावर नखानंही ओरखडा उठतो, त्यामुळे ठसा सहज उमटे आणि झिजेही तितकाच सहज.

समजा, अक्षराचा उठाव ०.१ मिलिमीटर उरलाय. सावलीची लांबी म्हणजे उंची भागिले प्रकाशाच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या कोनाचा टॅन. विजेरी ४५ अंशांवर धरली तर सावली ०.१ मिलिमीटरच. ती १० अंशांवर आणा: टॅन ०.१७६, सावली ०.५७ मिलिमीटर. ही नुसत्या डोळ्यांना दिसते! मात्र प्रकाशाला समांतर असलेल्या रेघेची सावली जवळजवळ पडतच नाही, म्हणून एका बाजूच्या उजेडात अक्षराच्या काही दांड्या गायब होतात. विजेरी मुद्रेभोवती पूर्ण फिरवा, कॅमेरा न हलवता फोटो घेत राहा. अशा फोटोंवरून पृष्ठभाग प्रत्येक बिंदूला कुठे कललाय हे गणितानं काढता येतं. संगणकतज्ज्ञ टॉम माल्झबेंडर यांची २००१ सालची पद्धत हीच.

मग अर्धं अक्षरही बोलू लागतं. क्रूसाच्या आकारात गुंफलेली अक्षरं आणि चार कोपऱ्यांत आणखी काही दिसलं, तर ते बहुधा ग्रीकमधलं ‘तो-सो-दू-लो’, म्हणजे ‘तुझ्या दासाला’. गुंफणीत ‘देवमाते, साहाय्य कर’. ही धाटणी मुख्यतः आठव्या-नवव्या शतकांतली. एका कोपऱ्यात ‘दू’ सापडला की उरलेले तीन वाचल्यातच जमा.

मागच्या बाजूला मालकाचं नाव आणि हुद्दा असतो, तिथे हा हिशेब चालत नाही. दोरीची पोकळ नळी बहुधा वरून खाली जाते. तिथेच शिसं चिरतं आणि ओळीओळीतली मधली अक्षरं जातात. विक्रेते अशा खाचेतून थेट सम्राटाचं नाव काढून दाखवतात. त्यांना विचारा, नेमकी कुठली रेघ दिसली? वॉशिंग्टनच्या डंबार्टन ओक्स या संशोधनसंस्थेच्या संग्रहात सुमारे १७,००० मुद्रा आहेत. त्यांत त्याच ठशाची दुसरी सापडली तर गेलेलं अक्षर भरून निघतं. नाही सापडली, तर मी नोंदीत चौकोनी कंस टाकतो आणि आत ठिपके ठेवतो.