दगडी अशनींचं वर्गीकरण: लोहाचा माग काढत

संग्रहालयातल्या दगडी अशनीच्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडाच्या, नावापुढे बहुधा ‘एल ६’ किंवा ‘एच ५’ अशी खूण असते. बघणारा तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही. पण त्या एका अक्षरामागे आणि एका आकड्यामागे जवळपास दोनशे वर्षांची खटपट आहे, आणि ती बरीचशी एकाच प्रश्नाभोवती फिरत आली: या दगडात लोह किती, आणि ते कोणत्या रूपात आहे?

१७६८ साली फ्रान्समध्ये ल्यूसे इथे पडलेला दगड पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे आला. त्याची तपासणी करणाऱ्यांत तरुण रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. दगडाची पूड करून एकत्रच विश्लेषण झालं: लोह ३६ टक्के, गंधक साडेआठ टक्के, बाकी काच होऊ शकेल अशी माती. निष्कर्ष निघाला, की हा पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असलेला पृथ्वीवरचाच दगड, त्यावर वीज पडली असावी. लाव्हाझिएला यासाठी आजही नावं ठेवली जातात, पण मला ते अन्यायाचं वाटतं. पद्धतच अशी होती, की दगडाची खरी ओळख त्या पुडीत नाहीशी होत होती. धातूच्या रूपातलं लोह, गंधकाशी जोडलेलं लोह आणि सिलिकेट (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या) खनिजांत बसलेलं लोह अशी तिन्ही मिळून एकच बेरीज हाती आली.

ही गाठ लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड हॉवर्डने सोडवली. १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ क्राखुत इथे दगड पडले होते. त्यांचे तुकडे, इटलीतल्या सिएनाचे, इंग्लंडमधल्या वोल्ड कॉटेजचे आणि बोहेमियातले तुकडे त्याने जमवले. क्रांतीनंतर फ्रान्स सोडून आलेला खनिजतज्ज्ञ काउंट द बूर्नों याने भिंग घेऊन प्रत्येक दगडाचे घटक वेगळे केले. चारही दगडांत तेच चार घटक निघाले: लहान गोलसर गोळ्या, पायराइटसारखं दिसणारं पिवळसर खनिज, लोखंडाचे कण आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा मातकट भाग. हॉवर्डने मग प्रत्येक घटकाचं स्वतंत्र विश्लेषण केलं. लोखंडाच्या कणांत निकेल सापडलं, तेही चारही दगडांत. एकमेकांपासून हजारो किलोमीटर अंतरावर पडलेल्या दगडांची घडण इतकी सारखी, मग ते स्थानिक खडक असतील कसे? हा निबंध १८०२ चा. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समधल्या लेग्ल इथे दगडांचा वर्षाव झाला. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बिओने तिथे जाऊन चौकशी केली आणि आकाशातून दगड पडतात याबद्दलची शंका बहुतेकांच्या मनातून गेली.

बूर्नोंने वेगळ्या काढलेल्या त्या पिवळसर खनिजाला पुढे ट्रॉइलाइट हे नाव मिळालं. ते लोहाचं सल्फाइड आहे, पण पायराइट नव्हे.

गोळ्यांचं कोडं मात्र लांबलं. बर्लिनच्या गुस्ताफ रोझने १८६०च्या दशकात संग्रहातल्या अशनींची मांडणी करताना अशा दगडांना कॉन्ड्राइट म्हटलं. गोळ्या म्हणजे कॉन्ड्र्यूल. गोळ्या नसलेले दगड त्याने वेगळे ठेवले, त्यांतल्याच काहींचं हॉवर्डाइट हे नाव हॉवर्डवरून आलं. कॉन्ड्राइटचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या गोळीत ऑलिव्हीन या सिलिकेट खनिजाच्या समांतर पट्ट्या दिसतात. दुसऱ्या एखाद्या गोळीत पायरॉक्सीन या दुसऱ्या सिलिकेटचे तंतू काठावरच्या एका बिंदूपासून पंख्यासारखे पसरलेले असतात. हेन्री सॉर्बीने १८७७ मध्ये यावरून बरोबर ओळखलं, की या गोळ्या एके काळी वितळलेले थेंब होते आणि दगड तयार होण्याआधीच गोठले होते.

यानंतर व्हिएन्नाच्या चेरमाक आणि ब्रेझिना यांनी रोझची मांडणी वाढवत नेली. दगड पांढरा की करडा, काळा की शिरा असलेला, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांवर वर्ग वाढत गेले. वर्ग पुष्कळ झाले, पण ते असे का पडले हे सांगणारा धागा त्यात नव्हता.

तो धागा ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज प्रायरने १९१६ मध्ये पकडला. कॉन्ड्राइटमध्ये धातूच्या रूपातलं लोह जितकं कमी, तितकं त्या धातूत निकेलचं प्रमाण जास्त, आणि ऑलिव्हीन-पायरॉक्सीनमध्येही लोह जास्त. कारण सरळ आहे. ऑक्सिजन मिळेल तसं लोह धातूतून निघून सिलिकेटमध्ये जातं. निकेल सहजी जात नाही, म्हणून उरलेला धातू निकेलने समृद्ध होतो. या सगळ्या इतिहासात मला हे निरीक्षण सर्वांत देखणं वाटतं. दगडाचा रंग आणि पोत बाजूला राहिले आणि तो किती ऑक्सिजनच्या संगतीत घडला हे वाचता येऊ लागलं.

अर्थात एकूण लोह सगळ्या कॉन्ड्राइटमध्ये सारखंच असतं, असं निघालं नाही. १९५३ मध्ये हॅरोल्ड युरी आणि हार्मन क्रेग यांनी जुनी विश्लेषणं गोळा केली, त्यांतली भरवशाची तेवढी ठेवली, आणि दगडांचे दोन पुंजके पडले. एकात एकूण लोह सुमारे २८ टक्के, दुसऱ्यात सुमारे २२. पहिल्याला एच (‘हाय’, म्हणजे जास्त लोह), दुसऱ्याला एल (‘लो’, म्हणजे कमी). पुढे आणखी कमी लोहाचा आणि अगदी थोड्या धातूचा तिसरा गट, एलएल, वेगळा झाला. १९६४ मध्ये क्लाउस काइल आणि कुर्ट फ्रेडरिक्सन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या बारीक झोताने घटक मोजणारं उपकरण, वापरून एकेका कणातलं लोह मोजलं. ऑलिव्हीनमधल्या लोहयुक्त घटकाचा, म्हणजे फायालाइटचा, वाटा एच गटात साधारण १६ ते २० टक्के, एलमध्ये २२ ते २६ आणि एलएलमध्ये त्याच्या वर, जवळपास ३२ पर्यंत. आज नवा दगड हाती आला, की आधी हाच आकडा पाहतात. हॉवर्डच्या हातातल्या दगडांपैकी वोल्ड कॉटेज आता एल गटात आहे, तर बनारस आणि सिएना एलएलमध्ये.

अक्षरापुढचा आकडा १९६७ चा, व्हॅन श्मुस आणि वुड यांचा. ३ म्हणजे फारसा न तापलेला दगड: गोळ्यांच्या कडा रेखीव, आणि शेजारशेजारच्या ऑलिव्हीन कणांतही लोहाचं प्रमाण वेगवेगळं. ४, ५, ६ असं जावं तसं मूळ पिंडाच्या (दगड ज्यातून सुटला त्या लघुग्रहाच्या) आतल्या उष्णतेने लोह सगळीकडे सारखं पसरतं, गोळ्या आजूबाजूच्या भागात विरघळल्यासारख्या पुसट होतात, आणि आधी काचेत असलेलं द्रव्य फेल्डस्पार या खनिजाचे स्पष्ट दिसणारे स्फटिक होऊन बसतं. २ आणि १ हे आकडे उलट दिशेचे, पाण्याने बदललेल्या खनिजांसाठी. ते मुख्यतः कार्बनयुक्त कॉन्ड्राइटना लागतात. दगडाने सोसलेले आघात आणि पृथ्वीवर चढलेला गंज यांच्या वेगळ्या श्रेणी १९९०च्या दशकात आल्या.

ही सगळी मांडणी पडलेल्या दगडांवरून झालेली. ते दगड नेमक्या कोणत्या पिंडावरून आले, हे ताडून पाहायचं तर तिथूनच माती आणायला हवी होती. जपानच्या हायाबुसा यानाने २०१० मध्ये इतोकावा या लघुग्रहावरचे कण पृथ्वीवर आणले. बहुतेक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान होते. त्यांच्या ऑलिव्हीनमधला फायालाइट मोजला तर तो २९ टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि खनिजं बरीचशी तापून एकसारखी झालेली. इतोकावाचा वर्ग ठरला एलएल, ४ ते ६.