शंकू नसलेले ज्वालामुखी: दख्खनच्या कातळाची पार्श्वभूमी

दख्खनचे पठार लाव्हापासून बनले हे शाळेच्या भूगोलात शिकलेले असते, तरी माथ्यावर खड्डा असलेला, पुस्तकातल्या चित्रासारखा ज्वालामुखी सह्याद्रीत कोठेही सापडत नाही. त्याचे कारण कळण्यास भूशास्त्राला बराच काळ लागला.

अठराव्या शतकात तर काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आगीतून आला की पाण्यातून, येथूनच वाद होता. निकोला देमारे यांनी १७६३ मध्ये फ्रान्समधील ओव्हेर्न्य भागात स्तंभाकार बेसाल्ट पाहून तो ज्वालामुखीतून आल्याचे ओळखले. तरीही पुढे जर्मनीतील आब्राहाम वेर्नर यांचे अनुयायी तो समुद्रात साचलेला खडक असल्याचेच सांगत राहिले. दरम्यान जून १७८३ मध्ये आइसलँडमधील लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि तिच्यावरील शंभराहून अधिक मुखांतून आठ महिने लाव्हा वाहत राहिला. त्यासोबत आलेल्या विषारी वायूंनी कुरणे नासली, गुरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातील सुमारे एकपंचमांश माणसे दगावली. एवढा लाव्हा ओतूनही तेथे मोठा पर्वत उभा राहिला नाही.

ज्वालामुखीचा आकार मुख्यतः शिलारसातील, म्हणजे वितळलेल्या खडकातील, सिलिका (वाळूतला मुख्य घटक), त्यात कोंडलेले वायू आणि बाहेर पडण्याची वाट यांवर ठरतो. बेसाल्टी रसात सिलिका निम्म्याच्या आसपास असल्याने तो पातळ असतो. तो एकाच परिसरातून पुन्हापुन्हा वाहिला की हवाईतील मौना लोआसारखा पसरट ढाल ज्वालामुखी तयार होतो. जेथे एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाह्य कठीण थराचा सरकता तुकडा, दुसऱ्याखाली जातो, तेथे खाली गेलेल्या पट्टातील पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या उष्ण खडकाच्या थराचा, वितळणबिंदू उतरतो. अशा ठिकाणचा रस पुष्कळदा अधिक सिलिकायुक्त व घट्ट होतो, वायू कोंडून स्फोट होतात आणि लाव्हा व राखेचे थर एकावर एक चढून फुजीसारखा उंच शंकू बनतो. भारतातील जागृत ज्वालामुखी, अंदमान समुद्रातील बॅरन बेट, याच प्रकारच्या पट्ट्यात आहे. निव्वळ राख-खड्यांचे शंकू त्या मानाने लहान. मेक्सिकोतील पारिकुतिन १९४३ मध्ये चक्क मक्याच्या शेतात उगवला.

दख्खनची गोष्ट लाकीच्या जातीची, म्हणजे लांब भेगांतून वाहून पसरलेल्या पातळ रसाची, पण कितीतरी पटींनी मोठी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा आजही अंदाजे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. धुळे-नंदुरबार भागात भेगांत गोठलेल्या रसाच्या डाइक, म्हणजे काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती, उघड्या पडलेल्या दिसतात. घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड निरखून पाहिली, तर प्रवाहाच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली भोके, त्यांत भरलेली पांढरी खनिजे आणि काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबडा मातकट पट्टा आढळतो. हा पट्टा बहुतेक ठिकाणी पुढचा प्रवाह येण्यापूर्वी खालचा खडक झिजल्याची खूण मानला जातो; म्हणजे हे सारे एका दमात घडलेले नाही.

एवढा रस आला कोठून, याला नेमकी दिशा मिळाली ती तुझो विल्सन यांच्या १९६३ मधील हॉटस्पॉटच्या, म्हणजे सरकत्या भूपट्टाखालच्या स्थिर उष्ण जागेच्या, आणि जेसन मॉर्गन यांच्या १९७१ मधील प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण झोताच्या कल्पनेने. तिच्यानुसार भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकताना अशाच एका झोतावरून गेला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या सागरी कण्यावर आहेत, तो त्याचाच माग मानला जातो. तोच झोत आता रियुनियन बेटाखाली असून तेथील पितों द ला फुर्नेझ हा ढाल ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो.