स्वच्छता अनामत (सार्वजनिक उद्याने व मैदाने)

सार्वजनिक उद्यानात किंवा मैदानात कार्यक्रमाची परवानगी देताना आयोजकाकडून आगाऊ घेतलेली आणि जागा पूर्ववत करून दिल्यावर परत मिळणारी रक्कम म्हणजे स्वच्छता अनामत. रोजच्या बोलण्यात ‘डिपॉझिट’. तिच्यासोबत भरावे लागणारे मैदानभाडे आणि सफाई शुल्क परत मिळत नाही. मंडळाच्या खजिनदाराच्या वहीत बहुधा हे सगळे ‘मैदानाचा खर्च’ या एकाच ओळीत जाते, आणि मग अनामत परत आणायची आहे याचीच आठवण राहत नाही. शुल्क घेतले की झाडू पालिकेने मारायचा. अनामत घेतली की तो आयोजकाने मारायचा, आणि न मारल्यास त्या पैशातून पालिकेने.

व्यवहार ठरतो तो कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मांडव उतरलेला असतो आणि पालिकेचा माणूस मैदान पाहायला येतो. बांबूंचे खड्डे, राहून गेलेले खिळे, सुतळीचे तुकडे, पत्रावळ्या, पाण्याचे प्लास्टिकचे ग्लास हे लगेच नजरेत भरते. खरा ताप बारीक गोष्टींचा. पाहुण्यांच्या स्वागताला उडवलेली चमकी दवात भिजून गवताच्या बुडाशी चिकटते. झाडूला ती दाद देत नाही, बोटांनी वेचावी लागते. वाद मात्र बहुतेक वेळा खड्ड्यांवरून होतो. मैदान ताब्यात देताना त्याची स्थिती कोणीच लिहून ठेवली नसेल, तर खड्डा आपला की आधीच्या मंडळाचा हे कोण सांगणार? म्हणून जाणता आयोजक पहिला बांबू रोवण्याआधी मैदानाचे फोटो काढून ठेवतो.

अशा शुल्कांवर न्यायालयात खल झाला तो मुख्यतः अमेरिकेत, कारण तिथे रस्ते आणि उद्याने ही मत मांडण्याची परंपरागत जागा मानली जाते. १९३९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने श्नायडर खटल्यात सांगितले की पत्रकांमुळे रस्ते घाण होतात एवढ्यावरून पत्रके वाटणेच बंद करता येणार नाही. कागद रस्त्यावर फेकणाऱ्याला शिक्षा करावी. १९४१ च्या कॉक्स खटल्यात न्यू हॅम्पशर राज्यातले मिरवणुकीवरचे ३०० डॉलरपर्यंतचे शुल्क न्यायालयाने वैध ठरवले, कारण ते प्रशासन आणि बंदोबस्ताच्या खर्चापुरते होते. त्यानंतरचा जॉर्जिया राज्यातल्या फोर्सिथ काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) खटला जास्त महत्त्वाचा. तिथे १९८७ च्या नागरी हक्क मोर्चाच्या बंदोबस्तावर ६ लाख ७० हजार डॉलरहून अधिक खर्च झाला, आणि काउंटीने दिवसाला १,००० डॉलरपर्यंत शुल्क आकारण्याचा नियम केला. किती घ्यायचे ते प्रशासकाने ठरवायचे. १९९२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हा नियम रद्द झाला. ऐकणारे चिडतील म्हणून बोलणाऱ्याकडून जास्त पैसे घेणे म्हणजे त्याच्या मतावर कर बसवणे, असा या निकालाचा रोख आहे. सफाईच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. आकारणी जागा, दिवस आणि गर्दी पाहून करावी. मंचावर कोण आहे ते पाहून नव्हे.

२००२ च्या थॉमस खटल्यात शिकागो उद्यान जिल्ह्याचे, म्हणजे शहरातली उद्याने सांभाळणाऱ्या सार्वजनिक संस्थेचे, नियम एकमताने वैध ठरले. पन्नासहून अधिक माणसांच्या कार्यक्रमाला परवानगी लागेल. अनामत भरली नसेल किंवा पूर्वी केलेल्या नुकसानीचे पैसे चुकते केले नसतील तर परवानगी नाकारता येईल, अशी त्यांत तरतूद होती. मागची थकबाकी पाहण्याचा हा अधिकार रकमेच्या आकड्याहून जास्त कामाचा वाटतो.

कचरा उचलता येतो, तुडवलेली माती पूर्ववत होत नाही. पावसात हजारो पायांखाली माती घट्ट बसली की पाणी मुरत नाही आणि गवताची मुळे गुदमरतात. शिकागोच्या ग्रँट पार्कात २०११ साली लोलापलूझा संगीत महोत्सवात पाऊस कोसळला आणि मैदानाचा चिखल झाला. ते दुरुस्त करण्याचा सुमारे ८ लाख डॉलरचा खर्च आयोजक कंपनीने उचलला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातले ग्रेट लॉन सप्टेंबर २०२३ मधल्या पावसातल्या कार्यक्रमानंतर एप्रिल २०२४ पर्यंत बंद ठेवावे लागले. पैसे भरून मिळाले तरी तेवढे महिने आसपासच्या पोरांना खेळायला जागा नव्हती, आणि ती भरपाई कोणत्याच पावतीत नसते.

भारतात २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी परवाना नसलेल्या जागी शंभरहून अधिक माणसांचा कार्यक्रम करणाऱ्याला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवणे आणि कचरा जागीच वेगळा करून देणे बंधनकारक केले. मुंबईत रस्त्यावरच्या मांडवांना खड्ड्यामागे दंड असतो. तो २०२५ मध्ये २,००० रुपयांवरून १५,००० केला गेला आणि मंडळांनी ओरड केल्यावर पुन्हा २,००० वर आला. खड्डे मोजणे सोपे, त्यांची किंमत ठरवणे नाही.

दादरचे शिवाजी पार्क हे या विषयातले वेगळे प्रकरण. सुमारे २८ एकरांचे हे मैदान उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरवले, आणि खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षाचे ४५ दिवस ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे इथे दुर्मीळ असते ती तारीख. मोठ्या पक्षाला अनामत ही किरकोळ बाब. २०२२ च्या दसरा मेळाव्यासाठी शिवसेनेचे दोन्ही गट भांडले ते मैदानासाठीच, आणि पालिकेने दोघांनाही नकार दिल्यावर २३ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली. महापरिनिर्वाण दिनी, ६ डिसेंबरला, हिशेब उलटा होतो. चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी निवारा, पाणी आणि शौचालयांची सोय याच मैदानावर पालिका स्वतः करते. आजूबाजूचे रहिवासी एरवी तक्रार करतात ती लाल मातीच्या धुळीची. ती वर्षभर उडते, आणि कोणा एका आयोजकाच्या अनामतीतून ती कापून घेता येत नाही.

देशातले सर्वांत गाजलेले उदाहरण उद्यानातले नाही, दिल्लीच्या यमुनेच्या पूरमैदानातले आहे. मार्च २०१६ मध्ये आर्ट ऑफ लिव्हिंगच्या विश्व सांस्कृतिक महोत्सवाला राष्ट्रीय हरित लवादाने परवानगी दिली आणि ५ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई भरायला सांगितली. पुढे तज्ज्ञ समितीने जागा पूर्ववत करण्याचा खर्च ४२.०२ कोटी आणि कालावधी दहा वर्षे असा अंदाज दिला. संस्थेने नुकसान झाल्याचेच नाकारले. डिसेंबर २०१७ मध्ये लवादाने संस्थेला जबाबदार धरले, पण नवा दंड लावला नाही. दुरुस्तीला ५ कोटींहून जास्त लागले तर उरलेले संस्थेकडून वसूल करावेत आणि कमी लागले तर शिल्लक तिला परत द्यावी, असे ठरले. भरपाई म्हणून घेतलेली रक्कम अशा रीतीने निकालात अनामतच झाली.