हवेतला म्हातारा कार्बन

हवामानबदलावर वाद रंगला की एक प्रश्न हमखास येतो : "कार्बन डायऑक्साइड तर ज्वालामुखीही ओकतात, मग खापर माणसाच्याच माथी का?" शंका रास्त आहे. उत्तर कार्बनच्या अणूंनाच विचारावं.

वातावरणाच्या वरच्या थरांत वैश्विक किरणांच्या माऱ्यामुळे कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन सतत तयार होत असतो. झाडं तो शोषतात, प्राणी झाडं खातात. जीव मेला की ही आवक बंद पडते आणि दर ५,७३० वर्षांनी उरलेल्यातला निम्मा संपतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून आहे. त्यात कार्बन-१४ औषधालाही सापडत नाही. ते जाळलं की हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण उतरणारच. रसायनशास्त्रज्ञ हान्स सूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात नेमकी ही घट दाखवली.

ज्वालामुखीतला कार्बनही म्हाताराच, म्हणजे कार्बन-१४ नसलेला, हे खरं. पण मग दुसरा साक्षीदार येतो. झाडांना जड कार्बन-१३ पेक्षा हलका कार्बन-१२ जास्त मानवतो, त्यामुळे झाडांपासून बनलेल्या कोळशातही कार्बन-१३ कमी असतो; ज्वालामुखीच्या वायूत तशी तूट नसते. हवेतही तो घटतो आहे. शिवाय ऑक्सिजन किंचित कमी होतोय, म्हणजे काहीतरी जळतंय. (घाबरू नका, श्वासापुरता तो भरपूर आहे.) ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या उत्सर्जनाच्या १ टक्काही भरत नाही. शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२०च्या वर गेलाय.

तेव्हा भांडायचंच तर उपायांवर भांडावं. विजेची आणि मोटारींची वाट तरी दिसते आहे : सौर, पवन, बॅटरी. खरी पंचाईत सिमेंटची. सिमेंटसाठी चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की तिचा चुना होतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुना हाती लागतो, उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. भट्टी सौरविजेवर चालवली तरी ते उडणारच, कारण हा वायू दगडातलाच आहे.

एक तोड म्हणजे सिमेंटमध्ये क्लिंकर (चुनखडी भाजून बनणारा त्याचा मुख्य घटक) कमी करून त्याच्या जागी भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेल्या चुनखडीची भुकटी घालायची. मला हा मार्ग सर्वांत व्यवहार्य वाटतो. उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. दुसरा मार्ग खर्चिक. नॉर्वेतल्या ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात २०२५ पासून धुरातला वायू पकडून त्याचा द्रव करतात, जहाजाने नेतात आणि समुद्रतळाखालच्या खडकात कोंडतात. क्षमता वर्षाला ४ लाख टन, म्हणजे त्या एका कारखान्याच्या उत्सर्जनाच्या जेमतेम निम्मी.